सातशे ग्रॅमचा दिवा, साडेवीस किलोचं भाडं

पत्र: सप्रेम नमस्कार. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मी, मिस्टर आणि जाऊबाई मिळून बांबूचे लॅम्पशेड, मोडे (बसायची बुटकी स्टुलं) आणि झोपाळे विणतो. आधी सगळा माल गोव्याच्या दुकानदारांना जायचा. आता इन्स्टाग्रामवरून थेट ऑर्डरी येतात, पण पाठवताना नाकी नऊ येतात. आमचा दिवा १,४५० रुपयांचा, वजन जेमतेम सातशे ग्रॅम. पुण्याला पाठवायचे कुरिअरवाल्याने ९८० रुपये सांगितले. म्हणे, पार्सल साडेवीस किलोचं आहे! काट्यावर ठेवून दाखवलं तरी ऐकेना. भाडं ऐकलं की गिऱ्हाईक गप्प होतं. बाकीचे लोक ‘फ्री डिलिव्हरी’ कशी देतात? खोक्याऐवजी गोणपाटात शिवून पाठवलं तर स्वस्त पडेल का? आणि बेंगळुरूच्या एका मॅडमना झोपाळा हवाय. तो पाठवायचा तरी कसा? सगळ्यांची मापं सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहेत.

ताई, नमस्कार.

पहिल्यांदा त्या कुरिअरवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढू. त्याने तुम्हाला फसवलेलं नाही. फक्त हिशेब समजावून सांगायचा कंटाळा केला.

पत्रासोबत तुम्ही मापं दिलीत ते बरं केलंत. तुमच्या दिव्याचं खोकं: लांबी ४५, रुंदी ४५, उंची ५० सेंटिमीटर. या तिन्हींचा गुणाकार १,०१,२५०. त्याला ५,०००ने भागा. आलं २०.२५. अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर ढकललं की साडेवीस किलो. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर भाडं लागतं. काही कंपन्या ५,०००ऐवजी ४,५०० किंवा ४,०००ने भागतात, म्हणजे तेच खोकं त्यांच्याकडे आणखी ‘जड’ होतं. म्हणून दर विचारताना आधी ‘कितीने भागता?’ हे विचारायचं, ‘किलोला किती?’ हे नंतर.

यात अन्याय वाटतो खरा, पण गाडीवाल्याच्या बाजूने बघा. तुमच्या दिव्यांनी टेम्पो छतापर्यंत भरला तरी त्याचे स्प्रिंगचे पाटे वाकणारसुद्धा नाहीत. पण त्यात दुसऱ्या कुणाचा माल बसणार नाही. त्याने विकली ती जागा, आणि तुम्ही घेतली ती जागा. त्या जागेत बांबू थोडा आणि हवा फार, हा त्याचा प्रश्न नाही. तो तुमचा आहे. आणि त्याचं उत्तर टेप स्वस्त कुठे मिळते यात नाही. ते बरंचसं विणायला बसण्याआधीच ठरतं.

पण जो माल आज विणून तयार आहे त्याचं आधी पाहू.

तुमचा दिवा ३८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४३ उंच. म्हणजे खोक्यात प्रत्येक बाजूला साडेतीन सेंटिमीटर मोकळे सोडलेत आणि तिथे बबल रॅप कोंबलात. काचेच्या झुंबराला ते ठीक आहे. बांबू दबला तरी परत वर येतो, त्याला इतके लाड नकोत. खोकं बाहेरून ४२ बाय ४२ बाय ४७ करा. गुणाकार ८२,९०८ आणि वजन १६.५८, म्हणजे सतरा किलो. प्रत्येक मापातले तीन सेंटिमीटर गेले आणि साडेतीन किलो उतरले. तुम्हाला सांगितलेल्या दराने हे सुमारे १६५ रुपये होतात. बबल रॅपची अख्खी गुंडाळी फुकट मिळाली असती तरी एका नगामागे एवढे वाचले नसते.

आता भीती अशी, की इतक्या अंगाबरोबरच्या खोक्यावर कुणी मिक्सरचं पार्सल ठेवलं तर? गोल वस्तू चौकोनी खोक्यात गेली की चार कोपरे रिकामे राहतात. तेच कामाला लावायचे. कापडाच्या दुकानात तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते. दुकानदार ती रद्दीत देतो, मागितली तर आनंदाने तुम्हालाच देईल. पाच-सहा सेंटिमीटर जाडीच्या नळ्या घ्या, खोक्याच्या आतल्या उंचीइतक्या कापा आणि चारही कोपऱ्यांत उभ्या करा. वरचं ओझं या चार खांबांवर येतं, दिव्यावर येत नाही. शिवाय दिवा मध्ये हलत नाही, त्यामुळे बबल रॅपचा एक वेढा बास होतो.

खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं घ्या, तीन प्लायचं नको. पुठ्ठ्याच्या आतल्या बारीक नळ्या उभ्या येतील असंच ते उभं करा. आडव्या आल्या तर तेच खोकं निम्म्या ओझ्याला बसकण मारतं. जुनी खोकी वापरायला हरकत नाही, पण एकदा पावसात भिजून वाळलेलं असेल तर ते भंगारवाल्याचं. उंची जास्त असेल तर कमी कशी करायची तेही सांगते, कारण लोक वरच्या झडपा आत दुमडून मोकळे होतात आणि मग वरचा भाग फुगतो. हवी तेवढी उंची चारही बाजूंना पेन्सिलने आखा. चारही कोपऱ्यांवर वरून त्या रेषेपर्यंत कटर चालवा. रेषेवर पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने जोरात ओढा, पुठ्ठा कापला न जाता दबला पाहिजे. आता दुमडा. नवी झडप सरळ बसते. जास्तीचा पुठ्ठा कापून दिव्याच्या डोक्यावर आणि बुडाशी चकती म्हणून ठेवा. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच अक्षरासारखी. मधोमध एकच पट्टी मारली की कडा उघडतात.

महिन्याला पन्नासेक नग जात असतील तर रद्दीतली खोकी शोधणं सोडा. कुडाळच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावकडे चौकशी करा आणि मापाची खोकी करून घ्या. माप मात्र दोनच ठरवा. प्रत्येक दिव्याला वेगळं खोकं करण्यापेक्षा खोक्यात बसेल असा दिवा विणणं सोपं.

आणि इथूनच खरा मुद्दा सुरू होतो. सतरा किलोसुद्धा सातशे ग्रॅमच्या दिव्याला फारच झाले.

पहिला उपाय, एकात एक. ३८, ३१ आणि २४ सेंटिमीटरचे तीन दिवे खालून उघडे विणा, तिन्ही एकमेकांत जातील. खोकं तेच, भाडं तेच आणि नग तीन. एका दिव्यामागे सहा किलोच्याही आत आलात. डायनिंग टेबलावर तीन दिवे वरखाली टांगायची पद्धत सध्या चांगली चालते, तेव्हा तीनचा संच विकायला जड जाऊ नये. एक दिवा मागणाऱ्यालाही आधी संचाचा फोटो दाखवा आणि भाडं तेवढंच आहे हे सांगा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. सरळ नळकांड्याच्या आकाराचे जे दिवे तुम्ही करता, ते जोडून का पाठवता? विणलेली चटई वेगळी, वरची-खालची गोल कडी वेगळी. कडी दोन अर्ध्या भागांत करा, सांध्याला पितळी नळी आणि छोटा स्क्रू. चटईची गुंडाळी होते, अर्धी कडी एकावर एक सपाट बसतात. हे सगळं ४६ बाय २१ बाय १४च्या खोक्यात मावतं. करा गुणाकार. १३,५२४. म्हणजे २.७ किलो, तीन धरा. साडेवीसचे तीन! लहान पार्सलला किलोमागे दर जरा चढा लागतो, तरी ९८०च्या जवळपास तो फिरकणार नाही. गिऱ्हाइकाला घरी जोडायला दहा मिनिटं लागतील. जाऊबाईंना हातात घेऊन जोडायला सांगा, मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि ऑर्डर घेताना पाठवा. लोक हल्ली स्वतः जोडायच्या वस्तूंना नाकं मुरडत नाहीत, सूचना धड असल्या की झालं. एक स्क्रू जास्तीचा टाका. तो हरवतोच.

मडक्याच्या पोटासारखे फुगीर दिवे असे सुटे होणार नाहीत, मोडेही होणार नाहीत. ते कुरिअरने पाठवायचा हट्टच सोडा.

त्यांच्यासाठी तुमच्या दारात चांगली सोय आहे, ती तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत. कुडाळ-सावंतवाडीहून रोज संध्याकाळी मुंबई-पुण्याला ट्रॅव्हल्सच्या गाड्या सुटतात. हापूसच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात त्या काय कुरिअरने? डिकीत जागा असेल तर ते नगावर भाव सांगतात, कॅल्क्युलेटर काढत नाहीत. सकाळी गाडी पुण्यात. गिऱ्हाइकाने तिथे जाऊन पार्सल घ्यायचं, किंवा पोर्टरसारख्या ॲपवरून टेम्पो नाहीतर दुचाकीवाला पाठवायचा. हे आधीच ठरवून घ्यायचं, गाडी पोचल्यावर नाही. पार्सलवर गिऱ्हाइकाचं नाव आणि दोन फोन नंबर मार्करने दोन बाजूंना लिहा. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा किंवा क्लीनरचा मोबाइल आणि पार्सलचा फोटो रात्रीच गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करा. इथे ट्रॅकिंग म्हणतात ते एवढंच. पावती देत असतील तर घ्याच. एसटीच्या पार्सलचीही डेपोत चौकशी करून ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र यातलं काही धरू नका. आंब्याच्या दिवसांत डिकीत तुमच्या मोड्याला कुणी उभंही करणार नाही.

गोणपाटाचं विचारलंत. कुरिअरसाठी उपयोग शून्य, कारण ते सगळ्यात फुगीर जागेवर टेप लावून मोजतात आणि गोणपाट जिथे तिथे फुगतं. बसला किंवा ट्रान्सपोर्टला मोडा द्यायचा असेल तर मात्र गोणपाट खोक्यापेक्षा बरं. मोड्याभोवती पुठ्ठ्याचा एक पट्टा गुंडाळा, वर गोणपाट शिवा आणि सुतळीची धरायला मूठ ठेवा. ही मूठ विसरू नका. हमाल मूठ असेल तर मुठीला धरतो, नसेल तर हाताला लागेल त्याला धरतो, आणि तुमच्या मोड्यात हाताला लागतो तो विणीचा काठ.

पोस्टाबद्दल थोडक्यात. तुमच्या तीन किलोच्या सपाट खोक्याला स्पीड पोस्ट विचारून बघाच. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, आणि ज्या पिनकोडला कुरिअर हात वर करतं तिथे पोस्टमन जातो. मोठ्या खोक्याला तिथे जाऊ नका. रेल्वे पार्सलचंही तसंच. एका गावाला एकदम वीस-पंचवीस नग जायचे असतील आणि तिकडे स्टेशनवर उतरवून घ्यायला माणूस असेल तर ठीक, एका दिव्यासाठी ती दगदग परवडत नाही.

आता बेंगळुरूचा झोपाळा. ११० बाय ७० बाय ७० आणि वजन नऊ किलो, असं लिहिलंत. कुरिअरच्या हिशेबाने १०८ किलो! तो रस्ता बंद. हे काम ट्रान्सपोर्टचं, म्हणजे कोल्हापूर-बेळगावकडून जी मालवाहतूक चालते तिचं. तिथला हिशेब घनफुटाचा असतो, त्याला ते सीएफटी म्हणतात. तुमचा झोपाळा १९ घनफूट. कुणी घनफुटाला सहा किलो धरतो, कुणी आठ, कुणी दहा. सहाने ११४ किलो, दहाने १९०. म्हणजे ‘किलोला अमुक रुपये’ हा दर एकाचा स्वस्त दिसला तरी बिल महाग येऊ शकतं. दोघा-तिघांना एकच प्रश्न विचारा: १९ घनफुटाचा एक नग, बेंगळुरू गोडाऊन डिलिव्हरी, हमाली आणि बिल्टीचा (माल घेतल्याच्या पावतीचा) खर्च धरून एकूण किती? आकडा तोंडी नको, मेसेजवर मागा. घरपोच हवं असेल तर वेगळे पैसे पडतात. त्यापेक्षा मॅडमनी गोडाऊनमधून टेम्पोने न्यावा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. भाडं टू-पे ठेवा, म्हणजे ते त्या तिकडे देतील आणि तुमचे पैसे अडकणार नाहीत.

बिल्टी हातात आली की ती वाचा. त्यावर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलं असेल तर वाटेत मोडतोड झाल्यास वाहतूकदार त्याकडे बोट दाखवून हात झटकायला बघतो. मालाची किंमत बिल्टीवर लिहून घ्या, त्याचे थोडे जास्त पैसे मागतील ते द्या. किंमत न लिहिता पाठवलेल्या मालाबाबत वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, २००७च्या रस्ते वाहतूक कायद्यात तसं आहे. फोनवर केलेली तक्रार यात धरत नाहीत.

आणि झोपाळा रिकामा पाठवू नका! आतल्या एवढ्या मोठ्या पोकळीचं भाडं भरणारच आहात. गादी आत, उशा आत. शिवाय मॅडमना विचारा, ‘दोन दिवे हवेत का? त्यांना वेगळं भाडं पडणार नाही.’ तुमच्या धंद्यातली एकमेव खरीखुरी फ्री डिलिव्हरी ही.

बाकीचे जी देतात ती फ्री नसतेच. भाडं किंमतीत मुरवलेलं असतं, आणि रोज शेकडो पार्सलं देणाऱ्याला दर तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी मिळतो. त्यांच्याशी बरोबरी नको. पण गिऱ्हाईक गप्प होतं ते ९८०च्या आकड्यामुळे जितकं, तितकंच तो आकडा शेवटी अचानक समोर आल्यामुळे. सुटा करून पाठवायच्या दिव्याची किंमत महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भाड्यासह एकच सांगा, समजा १,६५० किंवा तुमच्या दरात बसेल ती. त्यापलीकडच्या राज्यांना जादा किती, तेही फोटोखालीच लिहा. फुगीर दिवा आणि मोडा यांच्याखाली स्पष्ट लिहा, ‘फक्त मुंबई-पुणे, बसने, पार्सल स्वतः घ्यावं लागेल.’ काही जण निघून जातील. जाऊ द्या. ते भाडं ऐकून जाणारच होते, फक्त तुमचा तासभर चॅटिंगमध्ये घालवून.

कॅश ऑन डिलिव्हरी मोठ्या वस्तूला कधीच नको. दारात नाकारलेला दिवा परत येतो तेव्हा येण्याचं भाडंही तुमच्याच माथी बसतं, आणि परतीच्या प्रवासात तो विकण्याजोगा राहतोच असं नाही. पूर्ण पैसे आधी. झोपाळ्याला निम्मे विणायला घेताना आणि निम्मे बिल्टीचा फोटो पाठवण्याआधी.

शिपरॉकेटसारख्या, कुरिअर ठरवून देणाऱ्या वेबसाइटवर खातं उघडलंत तर एकाच पार्सलचे चार कंपन्यांचे दर शेजारी-शेजारी दिसतात, ते सोयीचं आहे. तिथे मापं तुम्ही भरायची आणि पुढे गोदामात मशीन ती पुन्हा मोजतं. फरक निघाला की जादा पैसे वळते होतात. म्हणून बंद केलेल्या खोक्याला तिन्ही बाजूंनी मोजायची टेप लावून फोटो काढा, एक फोटो काट्यावर ठेवून, लेबल दिसेल असा. हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात, फोटो नसेल तर ती टिकत नाही. खोकं मध्ये फुगलेलं असेल तर मशीन फुगा मोजतं, हेही लक्षात असू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण कोकणातून माल जातोय म्हणून लिहिते. जून ते सप्टेंबर बांबू थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. विणताना मुरलेली ओल आतच कोंडते आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक खोकं उघडतं तेव्हा आत काळी बुरशी. आधी दिवा चुलीजवळ नाहीतर पंख्याखाली खडखडीत वाळवा, मग साधा तपकिरी कागद, सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि प्लास्टिक खोक्याच्या बाहेरून. आंब्याच्या सवयीने भरणाला पेंढा घालू नका, त्यातून कीड जाते. बांबूला कीड लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया करत असाल तर ते जाहिरातीत लिहा. करत नसाल तर आधी ते शिका. कुडाळमध्येच कोनबॅक ही बांबूची संस्था आहे, बांबूचं काम शिकायला लोक तिथे लांबून येतात आणि तुम्हाला ते रिक्षाच्या अंतरावर आहे. सुट्या कडीचा सांधा कसा करावा हेही तिथे विचारता येईल.

बेंगळुरूच्या मॅडमना मात्र आजच मेसेज टाका, त्या वाट बघत असतील: ‘झोपाळा ट्रान्सपोर्टने येईल. भाडं तिकडे द्यायचं, नक्की आकडा दोन दिवसांत कळवते. गोडाऊनमधून घरी न्यायला टेम्पो लागेल. आत जागा आहे, दोन दिवे पाठवू का?’